रुपरावांचा भोंगा

काटोल रोडवरच्या संत्र्याच्या रसाच्या कारखान्यात एक रीत होती. जो रिटायर होईल त्यानं शेवटच्या दिवशी सुटीचा भोंगा स्वतःच्या हातानं वाजवायचा. शाल-श्रीफळ काय, कुठंही मिळतं. भोंग्याचा मान फक्त तिथंच. एरवी भोंग्याचं बटण रुपरावांच्या ताब्यात असे, आणि त्याच बटणानं त्यांची नोकरी खाल्ली.

मनोहरराव रिटायर झाले त्या दिवशी त्यांची नरखेडची शेवटची एसटी चुकायची वेळ आली होती. घरी सगळं गणगोत ओवाळायला बसलेलं. रुपरावांचा जीव कळवळला आणि त्यांनी मनोहररावांना वेळेआधीच भोंगा वाजवू दिला. माणसं मशीन सोडून निघाली, टाकीभर रस नासला. मॅनेजर विक्रमसाहेबांनी रुपरावांना कायमचं घरी बसवलं. चूक रुपरावही नाकारत नव्हते. पण कान धरायचा तिथं मानच कापायची, हा कुठला न्याय?

रुपराव लेबर कोर्टात गेले. कोर्टानंही तेच म्हटलं: शिक्षा फार झाली, परत कामावर घ्या. कंपनी हायकोर्टात गेली. म्हणे, ज्याच्यावरचा विश्वास उडाला तो माणूस आमच्या गळ्यात बांधायचा अधिकारच लेबर कोर्टाला नाही; फार तर भरपाई देऊ.

"घेऊन टाका न जी भरपाई," बायको रुख्मिणी म्हणाली. "रिटायर व्हाले थोडेच महिने राहिले. काहून हट्ट धरून राहिले?"

"मले भरपाई नाही पाह्यजे वं. मले माह्या हातानं भोंगा वाजवाचा हाय."

निकालाच्या दिवशी वकील अरुंधतीताई हसतच बाहेर आल्या. "कामावर घ्या म्हणायचा अधिकार कायद्यानंच लेबर कोर्टाला दिलाय, असं जज म्हणाले. ते स्वतः त्या जागी असते तर कदाचित भरपाई देऊन मोकळे झाले असते. पण तेवढ्यावरून खालचा निकाल मोडता येत नाही. अधिकार सारासार विचारानं वापरला ना, एवढंच हायकोर्टानं पाहायचं."

"म्हणजे मी उद्या जाऊ न ताई कामावर?"

"जा."

रुपरावांना असा आनंद झाला की बाहेरच्या गाडीवर तर्री-पोहे खाताना मिरची लागल्याचंही त्यांना कळलं नाही.

यथावकाश त्यांचा दिवस आला. शाल विक्रमसाहेबांनीच त्यांच्या खांद्यावर घातली. रुख्मिणी नवी साडी नेसून आली होती. दोघांना नरखेडलाच, भावाकडे पंगतीला जायचं होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि घसा खाकरला.

"वाजवा रुपराव. तुमची एसटी जाईल."

सगळे खो खो हसले.

"नाही साहेब. टायम होऊ द्या."

बटणावर बोट ठेवून ते उभे राहिले. खिडकीतून नरखेडची एसटी जाताना दिसली. मग काटा जागेवर आला, आणि रुपरावांनी बटण दाबलं ते सोडायचं नावच घेईनात. डोळे भरून आले होते, पण ते पुसायला दुसरा हात उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

"गाडी गेली न जी," भोंगा थांबल्यावर रुख्मिणी म्हणाली. "आता कसं जाचं?"

विक्रमसाहेबांनी खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढली.

"चला वहिनी. नरखेडपर्यंत मी सोडतो."