धुराआडचा अतिनवतारा

आदल्या रात्री दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोत एक ठिपका जास्तीचा होता. मीन राशीतल्या एका दीर्घिकेच्या कडेला, आधीच्या कुठल्याच फोटोत नसलेला. वैष्णवीने तो दुपारच्या सुट्टीत ऑफिसात लॅपटॉपवर पाहिला आणि डबा तसाच झाकून हरिमामाला फोन लावला.

"मामा, तारा फुटलाय बहुतेक. अतिनवतारा! त्या जागी आत्ता कुठलाही लघुग्रह नाहीय."

"बहुतेक नको. आज पुन्हा फोटो घेऊ. तिथंच दिसला तर कळवू."

मामाची सावधगिरी उगाच नव्हती. मागे एकदा दोघांनी घाईने कळवलेला तारा साधा लघुग्रह निघाला होता. पण जगभर असे कितीतरी हौशी लोक रोज आकाश चाळत असतात. नव्या ताऱ्यांच्या नोंदीच्या संकेतस्थळावर जो आधी कळवेल, शोध त्याचा. आणि ती दीर्घिका हल्ली अंधार पडल्यावर जेमतेम दोन तासांत समुद्रात बुडत होती.

हरिश्चंद्र, म्हणजे हरिमामा, जहाजावरच्या इंजिनरूममधून निवृत्त होऊन आला तेव्हा त्याने भाट्याच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या मोकळ्या माळावर, सरकत्या छपराची खोली बांधली आणि आत दुर्बीण बसवली. वैष्णवी कॉलेजात असल्यापासून तिथे यायची.

त्या संध्याकाळी दोघांनी छप्पर सरकवलं, कॅमेरा जोडला. पश्चिमेला अजून उजेड होता. तेवढ्यात जळक्या गवताचा वास आला.

बाहेर सड्यावर वणवा लागला होता. समुद्राकडच्या वाऱ्याने आगीची ओळ शेजारच्या रावजीच्या आंब्याच्या कलमांकडे सरकत होती. झाडांवर सुपारीएवढ्या कैऱ्या धरलेल्या. रावजी आणि त्याची बायको गोदूबाई ओल्या फांद्यांनी गवत झोडत होती.

"धावा हो!" रावजी ओरडला.

आग दुर्बिणीपासून लांब जात होती. खोलीला धोका नव्हता, आकाशही स्वच्छ होतं.

"तू इथंच थांब," मामा म्हणाला. "अंधार झाला की फोटो घे. मी जातो."

"तुमची बायपास झालीय, मामा."

"गो, हा तारा पुन्हा मिळायचा नाही!"

तो निघालाही. वैष्णवीने पश्चिमेकडे पाहिलं. पहिल्या चांदण्या उमटत होत्या. अर्धा तास, फक्त अर्धा तास हवा होता. मग धुरात मामाची पाठ वाकलेली दिसली. खोकत तो गुडघ्यांवर टेकला. तिने लॅपटॉप मिटला आणि पळत सुटली.

मामाला बागेच्या दगडी गडग्याच्या आडोशाला बसवून तिने त्याच्या हातातली फांदी घेतली. एका जागची ज्वाळा विझवावी तर दुसरीकडे भडका उडे. कडेचे काजू पेटले. तापलेल्या कातळाने चपलांचे तळ मऊ झाले. आग गडग्याला भिडली तेव्हा गोदूबाई ओंजळीने माती फेकू लागली.

आणि वारा पडला. थोड्या वेळाने जमिनीकडून झुळूक आली. ओळ उलटी फिरून आधीच जळलेल्या गवतावर गेली आणि खायला काही न उरल्याने दबली. कलमं वाचली. पण सगळा धूर आता समुद्राकडे, पश्चिमेच्या आकाशावर पसरला.

वैष्णवी मामाला आधार देत खोलीत घेऊन आली. पडद्यावर नुसती राखाडी.

"आणखी एक घे," मामा म्हणत राहिला. "आणखी एक."

दीर्घिका समुद्रावर वीतभर उरली असताना धूर जरा फाटला. फोटो उतरला. ठिपका त्याच जागी होता.

काजळलेल्या बोटांनी तिने नोंदीचं संकेतस्थळ उघडलं, आणि तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"जपानमधल्या कुणीतरी कळवलाय. आपण आग झोडत होतो तेव्हाच."

मामाने पडद्यावरची नोंदीची वेळ वाचली. "मी म्हटलं होतं थांब."

"मला तुम्हाला तिथं टाकून थांबता आलं नसतं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. राग होता, थकवा होता, तारा हातचा गेल्याचं दुःख तर होतंच. मामाने तिला रडू दिलं. मग आपणच खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसला आणि शोधाच्या नोंदीखाली आपली कालची आणि आजची निरीक्षणं भरू लागला.

दुसऱ्या दिवशी अंधार पडताच त्यांनी पुन्हा छप्पर सरकवलं. मामाचा खोकला अजून थांबला नव्हता. तारा कालच्यापेक्षा ठळक झाला होता. रावजीही आला, पडद्यावरच्या ठिपक्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिला.

"हाच काय तो?" त्याने विचारलं.

"हाच," वैष्णवी म्हणाली आणि त्याची तेजस्विता मोजायला बसली.