परत आलेली डबी

"अहो, ही तर आपल्या घरातली!"

सूतमास्तरांनी पिशवीतून मोज्यांची गुंडाळी काढली, तिच्यातली लाकडी डबी लेथवर लाकूड कातणाऱ्या कातारीणबाईंच्या समोर ठेवली आणि बायकोकडे बघायचं टाळलं. चोरी अशी भर दुकानात पकडली गेली.

बाहेर गल्लीत त्यांच्याच बसमधली सहलीची मंडळी मुखवट्यांवर आणि टोपल्यांवर तुटून पडली होती. आपणही एखादी नवी डबी घ्यायलाच आलोय, असं बायकोला वाटलं होतं. मास्तरांना मात्र नवं काहीच घ्यायचं नव्हतं.

एकतीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात, दोघांनी ही डबी याच दुकानातून घेतली होती. झाकण वर धरून सोडलं की ते पडायचं नाही. आतली हवा सोडत सोडत, सावकाश उतरायचं. घरी आल्यावर बायको दिवसातून दहादा ते सोडून बघायची आणि दरवेळी नव्यानं हसायची. मास्तर पंपांच्या कारखान्यात फिटर. सूतभर चूक त्यांना खपत नसे, म्हणून तर सूतमास्तर हे नाव पडलेलं. वस्तू अडकते म्हणजे बिघाड, एवढंच त्यांना ठाऊक. बायको माहेरी गेली तेव्हा त्यांनी पॉलिशपेपर घेऊन डबीचा काठ मन लावून घासला. तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता. ती आली, झाकण सोडलं, ते टपकन पडलं. "आता बरं उघडतंय," एवढंच ती म्हणाली आणि डबीत बटणं भरून मोकळी झाली. भांडली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

कातारीणबाई पन्नाशीच्या होत्या. लेथ बंद करून त्यांनी डबीच्या काठावरून अंगठा फिरवला.

"काम आमच्या बाबांचं. पण काठ कुणीतरी घासलाय."

"मीच," मास्तर म्हणाले. "घट्ट वाटला."

"घरात काही हळू चाललं की ह्यांना बिघाड वाटतो," बायको म्हणाली. "माझं आखडलेलं कोपरही घासलं नाही, हे नशीब."

"नवं झाकण मिळेल का?" मास्तरांनी विचारलं.

"परकं झाकण आम्ही लावत नाही, दादा. डबी आणि झाकण एकाच ओंडक्यातून निघतात. कुठल्या साली घेतली होती?"

मास्तरांनी साल सांगितलं. बाई भिंतीकडे वळल्या. तेव्हा कुठे मास्तरांचं तिकडे लक्ष गेलं. छतापासून जमिनीपर्यंत दोऱ्या लोंबत होत्या आणि प्रत्येक दोरीत लाकडाच्या पातळ चकत्या, दोन गाठींच्या मध्ये एक, अशा ओवलेल्या.

"डबी आणि झाकण वेगळं करताना मधून एक चकती निघते," बाई म्हणाल्या. "बाबा ती कधी टाकायचे नाहीत. डबी परत आली तर लागेल, म्हणायचे. एक साल, एक दोरी. आई त्यांना हसायची. मीसुद्धा. आजवर एकही डबी परत आली नाही."

त्यांनी एक दोरी खाली घेतली आणि एकेक चकती डबीच्या तोंडावर धरून बघू लागल्या. मास्तरांचा हात सवयीनं खिशातल्या मापाच्या व्हर्निअरकडे गेला. चौदाव्या चकतीला बाई थांबल्या. वर झाकण ठेवलं. डबीच्या बुडापासून निघालेली एक काळसर रेघ चकतीतून चढली आणि झाकणाच्या टोकापर्यंत गेली, कुठेही न तुटता. आयुष्यभर मास्तरांनी सुटे भाग जुळवले होते. हे मुळात सुटलेलंच नव्हतं. व्हर्निअर त्यांनी खिशातच राहू दिलं.

"हिचं कडं करून काठाला बसवलं की झाकण पुन्हा धरेल," बाई म्हणाल्या. पण चकती त्यांच्या हातातच राहिली. अंगठा तिच्यावरून फिरत होता.

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "बाबांची आठवण आहे ती."

"आठवण म्हणून नव्हती ठेवली त्यांनी. कामासाठी ठेवली होती." बाईंनी गाठ सोडली.

लेथ फिरू लागला. चकतीचं कडं झालं, सरस लागला. बसनं हॉर्न दिला. मास्तर घाईनं दाराकडे निघाले.

"कुठे निघालात?" बायको म्हणाली. "मी एकतीस वर्षं थांबलेय. बसला अर्धा तास थांबायला काय झालं?"

मास्तर परत येऊन बसले.

सरस सुकल्यावर बाईंनी केसाएवढी साल काढली, झाकण लावून कान जवळ नेला, पुन्हा काढली. मोजमाप काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी डबी बायकोपुढे धरली. बायकोनं ती मास्तरांपुढे सरकवली.

"तुम्ही सोडा."

मास्तरांनी झाकण सोडलं. ते तिथेच थबकलं आणि मग, कुणाचीच घाई नसल्यासारखं, उतरू लागलं. बाहेर हॉर्न वाजत होता. तिघंही झाकणाकडे बघत होती. झाकण टेकलं, तेव्हा बायको हसली. ते हसू मास्तरांनी तरुणपणी पाहिलं होतं.

"पैसे किती?" त्यांनी पाकीट काढत विचारलं.

"डबी बाबांनी तेव्हाच विकली होती, दादा. चकती तिचीच."

दोघं निघाली. उंबऱ्यावरून मास्तरांनी मागे वळून पाहिलं. बाईंनी दोरी खुंटीला लावली होती. इतर चकत्यांच्या मध्ये बोटभर दोरी रिकामी होती आणि बाई तिच्यासमोर, हात पुसायचे विसरून, उभ्या होत्या.