अटाम्पोकाच्या भिंतीचा दगड

खर्र… खर्र… खर्र…

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा नदीच्या कोरड्या पात्रात पडून होतो. त्याला किती पावसाळे झाले ते सांगता येणार नाही. मोजायला मी शिकलो नाही. वरच्या वाडीत सात-आठ बाया ओली भिंत दगडांनी घोटत होत्या. मधूनच कुणीतरी हसायची आणि सगळे दगड थांबायचे. मग पुन्हा खर्र… खर्र…

मी भिंत घोटायचा दगड बोलतोय. घानाच्या उत्तरेला, बोल्गाटांगाच्या पलीकडच्या एका गावात माझं आयुष्य गेलं. मी मुठीत मावेन एवढाच आहे. त्या दिवशी त्यांच्यातलीच एक बाई खाली नदीत आली, तिने मला उचललं, गालावरून फिरवून पाहिलं आणि लुगड्याच्या गाठीत बांधलं. तिच्याकडून मी तिच्या मुलीकडे, अटाम्पोकाकडे आलो.

आमच्याकडे घर पुरुष उभारतात, पण भिंतीची कातडी बायांची. कणसं घरात आली की बाया लाल माती खणतात, शेणात कालवतात, भिंतीला लिंपतात आणि चमक येईपर्यंत दगडाने घोटतात. मग काळ्या-पांढऱ्या रेघा काढायच्या आणि वरून दावादावा नावाच्या झाडाच्या शेंगांचा उकळलेला काढा मारायचा. एका पावसाळ्यात ही कातडी झिजते. पुढच्या वर्षी सगळं पुन्हा.

असा दगड कुणी विकत घेत नाही, मागतही नाही. मुलीने एकटीने अख्खी भिंत केली, की दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली थोरली बाई त्या भिंतीवर हाताची मागची बाजू फिरवते. पसंत पडली, तर आपला दगड मुलीच्या तळव्यावर ठेवते आणि न बोलता निघून जाते. "घे गं" म्हणून दिलेला दगड उसना, काम झालं की परत करायचा. न बोलता दिलेला कायमचा. आणि जी बाई दगड कुणाला न देताच गेली, तिचा दगड नदीत टाकतात.

अटाम्पोकाचं तोंड दिवसभर चालायचं. शेळीशी भांडायची, सुनेशी भांडायची, उत्तरेकडून धूळ आणणाऱ्या वाऱ्याशीसुद्धा भांडायची. पण तिचा हात भिंतीला लागला की असा हळू व्हायचा, जसं तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतेय.

मग तो हात थरथरायला लागला. डोळ्यांपुढे धुकं आलं.

तिची नात लामिसी. नर्सचं शिक्षण घ्यायला ती नव्या वर्षात बोल्गाटांगाला जायची होती. त्याआधी अंगणातली मोठी भिंत ती एकटीने करणार, असं ठरलं होतं. तीनदा मी तिच्या हातात गेलो होतो, तिन्ही वेळा उसना. ही भिंत राहिली, तर पुढच्या सुगीला म्हातारी असेल की नसेल, कुणाला ठाऊक. खरं सांगतो, मला नदीची भीती वाटायला लागली होती.

त्याच वर्षी राजधानी आक्राहून एका शाळेची अठरा मुलं-मुली आली. बरोबर क्वार्टे सर होते, उंच आणि हळू बोलणारे. दहा दिवस राहायचं, सकाळी बायांकडून भिंतीच्या रेघा आणि गाणी शिकायची, दुपारी दवाखान्याची जमीन सिमेंटची करून द्यायची, असा त्यांचा बेत होता. पोरं मनापासून राबायची. त्यांच्यात झिफा नावाची एक मुलगी होती. ती रोज अटाम्पोकाच्या पायाशी येऊन बसायची.

"आजी, एवढं सगळं दरवर्षी पुन्हा करायचं?" तिने एकदा विचारलं.

"मग काय! सवत आहे ही भिंत माझी! हिनेच माझी कंबर मोडली. मरतही नाही मेली, जगूही देत नाही."

बाया खो-खो हसल्या. कुरकुर करणं ही अटाम्पोकाची फुशारकी होती, हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. पण झिफाला आमची बोली येत नव्हती. लामिसी मधे बसून इंग्रजीत सांगत होती. शब्द तेवढे पोचले. झिफा मात्र म्हातारीच्या थरथरत्या बोटांकडे बघत राहिली.

बाजाराच्या दिवशी बाया डोक्यावर टोपल्या घेऊन गेल्या. लामिसीही गेली. सर दवाखान्यात होते. तिथलं काम संपून सिमेंटची दोन पोती उरली होती. झिफाने मुलांना गोळा केलं. मी भिंतीपाशीच, भोपळ्याच्या भांड्यात होतो. ओरडायला तोंड असतं तर ओरडलो असतो. दुपार कलेपर्यंत त्या पोरांनी अख्ख्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून टाकला.

बाया परत आल्या तशा पोरांनी टाळ्या वाजवल्या. "आजी," झिफा म्हणाली, "आता ही भिंत तुम्हाला कधीच त्रास देणार नाही!"

अटाम्पोकाने टोपली उतरवली. भिंतीवर हाताची मागची बाजू फिरवली. पाहुण्याच्या कामाला आमच्याकडे तोंडावर नावं ठेवत नाहीत.

"पोरांना पाणी द्या गं," ती म्हणाली आणि खाली बसली. पुढे एक शब्द नाही. ती गप्प बसलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

बोलली ती लामिसी. "अगं, सिमेंटवर माती धरत नाही! ती माझी भिंत होती. माझी! आजीची शेवटची असेल, माझी पहिली होती. तुला कुणी सांगितलं होतं?"

"त्याच म्हणाल्या ना, भिंतीने कंबर मोडली…"

"ती तर मलाही रोज मेली म्हणते!"

झिफाच्या तोंडचं पाणी पळालं. सर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हातारीसमोर मातीत बसले. "आई, आम्ही विचारलं नाही. चूक आमची."

अटाम्पोकाने त्यांच्याकडे पाहिलं. "सर, पोरं कामसू आहेत तुमची. दुखणं तेवढंच आहे."

जायला दोनच दिवस उरले होते. सकाळी अठराच्या अठरा जण छिन्न्या घेऊन भिंतीला लागले. सिमेंट अजून कोवळं होतं, पण हातोडे पाचच. बाकीचे मिळेल त्या दगडाने ठोकत होते. झिफाच्या हातांना फोड आले होते, डोळे सुजले होते. तिने न बघता भांड्यात हात घातला आणि मला उचललं.

एक घाव. दुसरा. तिसऱ्याला माझ्या कडेचा नखाएवढा टवका उडाला.

लामिसीने तिचं मनगट धरलं. झिफाने मूठ उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. "आजी, मी… मी पुन्हा…" पुढचं रडण्यात गेलं.

अटाम्पोकाने मला हातात घेऊन तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. माझा ऊर धडधडला; दगडाला ऊर असतो असं धरून चाला.

"रडू नकोस," ती म्हणाली. "माझेही चार दात पडलेत. म्हणून मी जेवायची थांबले का?" मग लामिसीकडे वळून म्हणाली, "घे गं. आणि तोंड उघडं टाकून उभी राहू नकोस, माती कालवायची आहे."

घे गं. म्हणजे पुन्हा उसनाच.

पोरांनी पाणी वाहिलं, माती तुडवली, शेण आणलं. भिंतीला हात मात्र एकट्या लामिसीने लावला. माझा टवका वर राहील असं ती मला धरायची. तरी मधूनच तो टेकायचा आणि केसाएवढी रेघ उमटायची. दुसऱ्या दिवशी पोरं निघाली तेव्हा भिंत ओलीच होती. सर रीतीप्रमाणे म्हातारीकडे वाट, म्हणजे निघायची परवानगी, मागायला आले.

"अर्धी देते," अटाम्पोका म्हणाली. "उरलेली परत याल तेव्हा. आणि ती रडकी आली नाही, तर तुम्हालाही घरात घेणार नाही."

झिफा पुढच्या तीन सुट्ट्यांत आली. आता आमच्याकडे येणारी मुलं पहिले दोन दिवस काहीच करत नाहीत, नुसती बसतात आणि विचारतात. हे तिनेच सुरू केलं.

मी आता पुष्कळ झिजलोय. वर्षभर भांड्यात असतो, सुगीनंतर बाहेर निघतो. अटाम्पोका गेली. चांगल्या मनाने जाणाऱ्या सगळ्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे, की कुणाच्या भिंतीला हात लावण्याआधी तिच्या बाईला विचारा, आणि ती हसत बोलली तर का हसली तेही विचारा.

आता पोरं गेल्यानंतरच्या त्या सकाळचं सांगतो आणि थांबतो.

भिंत वाळली होती. ऊन नुकतंच अंगणात आलं होतं. लामिसीने मला धुऊन आजीच्या हातात परत दिलं आणि बाजूला उभी राहिली. अटाम्पोका एका टोकापासून हाताची मागची बाजू फिरवत निघाली. मधे एका जागी हात थांबला. तिथे माझी रेघ होती. मागे-पुढे करून तिने ती पुन्हा चाचपली. लामिसीने मान खाली घातली.

म्हातारी शेवटच्या टोकापर्यंत गेली. परत आली. नातीचा हात ओढला आणि मला तिच्या तळव्यावर ठेवलं. लामिसी तिच्या तोंडाकडे बघत होती. मीही बघत होतो. ते तोंड उघडेल, आता उघडेल.

अंगणात शेळी वाळत घातलेल्या बाजरीत घुसली होती. तिलाही काही न म्हणता अटाम्पोका तिच्या शेजारून हळूहळू निघून गेली.