निळ्या पेन्सिलीची फुली

वसुधाने निळी पेन्सिल उचलली, कॉमिकच्या पानाजवळ नेली आणि तशीच परत बशीत ठेवून दिली. तिसऱ्या चौकटीत मिस्टर मीटर आपली पिवळी टॅक्सी पुलावर चढवत होता. पाचव्या चौकटीत तीच टॅक्सी पावसात वळण घेत होती. मागे न्यूयॉर्कच्या इमारती, गच्च्यांवरच्या लाकडी टाक्या, रस्त्यातून निघणारी वाफ, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त दोन्ही चौकटींत टॅक्सीचं स्टिअरिंग उजव्या बाजूला होतं.

अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असतं, हे सिएटलजवळच्या या बॉथेलमधलं शाळकरी पोरही सांगेल. चारुदत्त तर इथे तीसेक वर्षं गाडी चालवत आला होता.

"किती फुल्या?" त्याने स्वयंपाकघरातून विचारलं.

"अजून बघतेय."

"बघ सावकाश. रुहीला जेवणानंतर येतो म्हणून मेसेज केलाय. शेवटचं पान आहे, आता कसली घाई."

तो चहा करत होता. कपात आधी दूध घालायचं आणि वरून चहा ओतायचा, ही त्याची विलायती खोड वसुधाने लग्नानंतर मोडून पाहिली होती. ती काही गेली नाही. अलीकडे मात्र तो कधी कधी नुसताच दुधाचा कप आणून ठेवायचा, आणि ती तो निमूट पिऊन टाकायची.

चारुदत्तचा जन्म कॉव्हेंट्रीचा. वडील साताऱ्याहून तिथल्या मोटारींच्या कारखान्यात गेले आणि पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या गाड्यांना जन्मभर स्टिअरिंग बसवत राहिले. मुलगा शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर चित्रं काढायचा, आणि विशीत पोचायच्या आत तिथल्या मुलांच्या साप्ताहिकांसाठी काढू लागला. त्या साप्ताहिकांत चित्रकाराचं नाव छापत नसत. चारुदत्त मग गाडीच्या नंबरप्लेटवर, नाहीतर भिंतीच्या भेगांत आपलं नाव लपवायचा, आणि ऑफिसातलं कुणीतरी ते हुडकून वर पांढरा रंग फासायचं. हा लपंडाव बरीच वर्षं चालला. पुढे अमेरिकन प्रकाशकांना इंग्लंडमधले कामसू चित्रकार हवेसे वाटू लागले आणि मिस्टर मीटर त्याच्या पदरात पडला. रात्रीची टॅक्सी चालवणारा आणि मीटर न पाडता लोकांची अडलेली कामं निस्तरणारा असा हा थकलाभागला हीरो. त्याचं न्यूयॉर्क चारुदत्तने ते शहर न बघताच काढलं, आईवडिलांच्या घराच्या माडीवर बसून. साहजिकच त्या न्यूयॉर्कात लाल टपालपेट्या असायच्या, छपरांवर कॉव्हेंट्रीची धुराडी असायची आणि स्टिअरिंग उजवीकडे असायचं. ब्रुकलिनचे वाचक पत्रं लिहून त्याची यथेच्छ टर उडवायचे.

वसुधा त्याला भेटली ती सिएटलच्या गणपतीत. तो कॉमिक्सच्या कुठल्याशा संमेलनाला आला होता. कुणीतरी त्याला मंडळात ओढून आणलं आणि हातात कुंचला दिला. त्याने मखरामागे कैलास रंगवला. वसुधा पुण्याहून शिकायला येऊन इथेच एका औषधांच्या कंपनीत लागली होती आणि प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या चुका पकडणं हेच तिचं काम होतं. ती त्या न्यूयॉर्कच्या इमारतीसारख्या उभ्याच्या उभ्या कैलासाकडे बघून म्हणाली, "फायर एस्केपचा जिना राहिला बघा." लग्न ठरायला मग फार दिवस लागले नाहीत.

तेव्हापासूनची ही रीत. पान झालं की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा आणि ती येऊन बसायची. जिथे चूक, तिथे फिकट निळ्या पेन्सिलीची लहानशी फुली. तो निळा रंग छापखान्याच्या कॅमेऱ्याला दिसत नसे, त्यामुळे फुली राहून गेली तरी बिघडत नव्हतं. ती काही बोलायची नाही, तो काही विचारायचा नाही. येऊन मुकाट्याने चूक खोडायचा. वर्षभरात स्टिअरिंग डावीकडे गेलं आणि तिथेच राहिलं. कॅमेरे जाऊन स्कॅनर आले, तरी पेन्सिल तीच राहिली. अबोला धरलेल्या दिवसांतसुद्धा वसुधा येऊन फुल्या करून जायची. खरं तर त्यांच्या संसारातलं सगळ्यांत सरळ बोलणं त्या पेन्सिलीनेच झालं होतं.

या उन्हाळ्यात स्टिअरिंग परत उजवीकडे आलं.

पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा तिने पेन्सिल उचललीही होती. पण त्याच दिवशी सकाळी ती घराबाहेर आली, तर चारुदत्त गाडीत उजव्या सीटवर पट्टा लावून बसलेला. स्टिअरिंग धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून तो समोरच्या खणाकडे बघत होता. तिला पाहिल्यावर म्हणाला, "आज तू चालव." दोघंही हसली. त्यानंतर गाडी तीच चालवू लागली आणि त्याने का म्हणून विचारलं नाही. त्या दिवशी तिच्याने फुली झाली नाही. पान तसंच गेलं.

आठवडाभरात रुहीचा फोन आला. मंडळातल्या ओळखीच्यांची ही मुलगी. लहानपणी चारुकाकाच्या टेबलाखाली बसून रंगवत असायची, आता रेडमंडला राहते आणि त्याच्या पेन्सिलीच्या चित्रांवर शाई चढवते.

"काकू, काकांना सांगू नका, ओके? मी स्टिअरिंग मूव्ह केलंय. इट्स नॉट अ बिग डील."

"बरं केलंस."

"आर यू गाइज ऑल राइट?"

"हो गं. दमलाय जरा."

तेव्हापासून वसुधा कानाडोळा करायची आणि रुही निस्तरायची. दोघी त्याबद्दल पुन्हा एक अक्षर बोलल्या नाहीत.

आणि नेमकं हेच करणार नाही, असं वसुधाने कबूल केलं होतं. चारुदत्तचे वडील शेवटी शेवटी, निवृत्त होऊन कैक वर्षं झाल्यावरही, सकाळी डबा घेऊन कारखान्याच्या बसस्टॉपवर जाऊन उभे राहत. मग घरातलं कुणीतरी जाऊन "भाऊ, आज सुट्टी आहे" असं गोड बोलून त्यांना परत आणायचं. त्यांचे दिवस करून परतताना विमानात चारुदत्त म्हणाला होता, "त्यांना कुणी खरं सांगितलंच नाही, वसू. सगळे नाटक करत होते, आणि ते त्यांना कळत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंय. माझं तसं झालं तर तू फुली मारायची. प्रॉमिस?"

तिने प्रॉमिस म्हटलं होतं. चाळिशीत कबूल करायला काय जातं.

आता समोर मालिकेचं शेवटचं पान होतं. हा अंक निघाला की मिस्टर मीटर बंद. मुखपृष्ठावर या वेळी चारुदत्तचं एकट्याचं नाव येणार होतं, ठसठशीत, कुठे लपवावं न लागणारं. तेवढं होऊ दे, मग सांगू, असं ती उन्हाळ्यापासून घोकत आली होती, आणि दर वेळी अजून एक पान शिल्लक असायचं. ती फार दमली होती. किल्ल्या कुठे आहेत, गॅस बंद आहे का, याच्यावर नजर ठेवून माणूस दमतं ते वेगळं. हा थकवा दिवसभर स्वतःचा चेहरा सांभाळण्याचा होता.

"एकही नाही," ती म्हणाली.

चारुदत्त चहा घेऊन आला. आज त्यात चहा होता. त्याने पान उचललं, खिडकीशी नेलं आणि बराच वेळ बघत राहिला. बाहेर सकाळपासूनची रिपरिप चालूच होती.

"एकही नाही?"

"नाही."

"नक्की?"

"अरे, नक्की म्हटलं ना."

त्याने पान मोठ्या फोल्डरमध्ये सरकवलं. त्याचे खांदे आधीच उतरलेले असायचे, ते आणखी थोडे उतरल्यासारखे तिला वाटले. जेवण उरकून दोघं निघाली.

फोर-ओ-फाइव्ह हायवेवर नेहमीसारखा ट्रॅफिक होता. वसुधा चालवत होती. चारुदत्त मांडीवर फोल्डर घेऊन वायपरकडे बघत बसला होता. एरवी रेडमंडला जाताना तो दर वेळी तीच गोष्ट सांगायचा, कॉव्हेंट्रीच्या टपालखात्याने त्याची पानं चुकून ऑस्ट्रेलियाला पाठवली होती ती. आज तीही नाही. वसुधाला ती गोष्ट ऐकून ऐकून कंटाळा आला होता, आणि तरी आज ती तिची वाट बघत होती.

रुहीच्या इमारतीखाली तिने गाडी लावली, इंजिन बंद केलं, पट्टा सोडला. चारुदत्तने सोडला नाही.

"वसू, थांब जरा."

"काय रे? बरं वाटत नाहीये का?"

"रुही शाई केलेली पानं मला स्क्रीनवर बघायला पाठवते ना, त्यात टॅक्सीचं स्टिअरिंग डावीकडे असतं."

"मग, असणारच की."

"हो. पण ती रेघ माझी नसते." तो अजून समोरच बघत होता. "पोरीचा हात चांगला आहे, पण मी माझी रेघ ओळखतो. आधी राग आला मला. म्हटलं, ही माझ्या ड्रॉइंगमध्ये हात का घालते? मग तिने परत दिलेलं ओरिजिनल उजेडात धरलं. उजवीकडे खोडलेलं दिसत होतं."

"कधी?" तिने विचारलं.

"ऑगस्टमध्ये असेल. तेव्हापासून वाट बघतोय."

"कसली?"

"तुझ्या फुलीची."

शेजारच्या जागेत कुणीतरी गाडी लावली, सामानाच्या पिशव्या काढल्या आणि पावसातून पळत आत गेलं. चारुदत्त ते माणूस दिसेनासं होईपर्यंत थांबला.

"रुहीचं मी समजू शकतो, लेकरू आहे ते. पण तू का नाटक करतेस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, तिला भांडता आलं असतं.

"मला नाही जमलं, चारू."

"आय नो."

"शेवटचा अंक होता. म्हटलं, तुझा अंक नीट होऊ दे."

"अगं, पण मग माझा कुठे होतोय तो?"

वसुधाने रुमाल शोधला, मिळाला नाही, तेव्हा स्कार्फच्या टोकाने डोळे पुसले. चारुदत्तने फोल्डर उघडून पान बाहेर काढलं. मग जॅकेटच्या आतल्या खिशात हात घालून त्याने निळी पेन्सिल काढली. ती टेबलावरच्या बशीतून त्याने कधी उचलली, हे तिला कळलं नव्हतं.

"मारून टाक," तो म्हणाला. "दुरुस्त रुहीच करेल. माझा हात आता तेवढा भरवशाचा नाही. पण पान तिला सांगून देऊ. चोरून नको."

तिने पान घेतलं. ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून समोरच्या स्टिअरिंगलाच ते टेकवलं.

"तिसऱ्या चौकटीत आहे," त्याने बोट दाखवलं. "मघाशी खिडकीत बघताना दिसलं मला. माझं मला दिसलं." हे सांगताना त्याच्या आवाजात एवढासा का होईना, अभिमान होता.

वसुधाने तिसऱ्या चौकटीत लहानशी निळी फुली केली. चारुदत्तने मोठा श्वास सोडला आणि मान मागे टेकली. कित्येक दिवसांत त्याचा चेहरा असा सैल झालेला तिने पाहिला नव्हता.

"झालं," तो म्हणाला. "एवढंच तर होतं, वसू. उगाच दोघं जीव टांगणीला लावून बसलो." त्याने पेन्सिल परत घ्यायला हात पुढे केला.

वसुधाने पेन्सिल दिली नाही. इथेच थांबलं असतं तर तो हसत हसत वर गेला असता, रुहीकडे कॉफी प्याला असता, आणि परत येताना त्याने ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली असती. तिने क्षणभर डोळे मिटले. मग पेन्सिल खाली, पाचव्या चौकटीवर नेली.

चारुदत्तचा हात तसाच राहिला. त्याने चष्मा नाकावर नीट बसवला आणि वाकून बघितलं. चित्रातली टॅक्सी, वळण, पाऊस, स्टिअरिंगवरचे मिस्टर मीटरचे हात. मग पानामागून डोकावणाऱ्या खऱ्या स्टिअरिंगकडे बघितलं आणि पुन्हा चित्राकडे. तो बराच वेळ बघत होता, आणि त्याला तिथे काहीही चुकलेलं दिसत नव्हतं.

"इथेही?" त्याने विचारलं.

"इथेही," वसुधा म्हणाली, आणि तिने फुली मारली.