डाउनलोड्समधली सून

सासऱ्यांनी आयुष्यभर बस डेपोचं सुट्या भागांचं स्टोअर सांभाळलं होतं. मागाल तो नटबोल्ट डोळे मिटून काढून देणारा हा माणूस निवृत्त झाल्यावर घरच्यांनी त्याचं काय करायचं, हे काही डेपोने कळवलं नव्हतं. म्हणून मुलाने आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्यापुढे ठेवला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. तिथेच घात झाला.

कॉम्प्युटर सुरू केला तर आत फोल्डर आधीच मांडून ठेवलेले. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज, डाउनलोड्स. सामान अजून आलेलं नाही आणि जागा मात्र ठरलेल्या. सासऱ्यांनी सगळ्यांना हाका मारून पडद्यासमोर उभं केलं.

"याला म्हणतात व्यवस्था," ते म्हणाले. "नाहीतर आपलं घर. कात्री फ्रिजवर आणि औषधं बुटांच्या कपाटात."

आठवड्याभरात दारांवर पाट्या चढल्या. कागदपत्रांच्या कपाटाची खोली डॉक्युमेंट्स झाली, आणि आपण महत्त्वाचे आहोत हे मान्य करून सासरे स्वतः तिथे झोपू लागले. टीव्हीचा हॉल म्हणजे व्हिडिओज. मुलगा तिथे मॅच बघत पडलेलाच असायचा, त्याला हलवावं लागलं नाही. सासूबाई घोरतात म्हणून त्यांची रवानगी म्युझिकमध्ये झाली. त्यांनी नवऱ्याशी अबोला धरला. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

उरली सून. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती करायची, त्यामुळे कुठली गोष्ट कशात नीट बसत नाही हे तिला लगेच कळायचं. सासऱ्यांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बाहेरून जे येतं ते आधी डाउनलोड्समध्ये," ते म्हणाले. "मग बघून योग्य जागी हलवायचं. राग मानू नकोस, सूनबाई, नियमच आहे."

डाउनलोड्स म्हणजे मागची बंद गॅलरी. बटाट्यांचं पोतं, नव्या मिक्सरचं खोकं आणि कुरियरची पाकिटं यांच्या मधोमध सुनेची गादी पडली. नवरा म्हणाला, "थोडी कळ काढ, बाबांचं खूळ उतरेल." हे म्हणताना त्याने टीव्हीवरची नजरही काढली नाही, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

बटाटे स्वयंपाकघरात गेले. मिक्सर ओट्यावर गेला. पाकिटंसुद्धा फुटून ज्याची त्याला मिळाली. सून तिथेच राहिली.

मग कॉम्प्युटर रखडायला लागला. दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, आधी डाउनलोड्स साफ करा, लोक आणून टाकतात आणि विसरतात. सासऱ्यांना ते पटलं. "येत्या रविवारी डाउनलोड्सची सफाई," त्यांनी जाहीर केलं.

हे सगळं हास्यास्पद आहे हे सुनेला कळत होतं. तिला कुणी पोत्यात भरून टाकून देणार नव्हतं. पण ही आपली आहे, हिला कशाला साफ करायचं, एवढं एक वाक्य या घरात कुणाच्या तोंडून निघालं नाही, आणि त्याने तिला खरोखर रडू आलं.

शनिवारी जेवताना तिने विचारलंच. "बाबा, उद्या मला कुठे हलवणार?"

"तेच तर कळेना," सासरे कळवळून म्हणाले. "मी खूप डोकं खाजवलं. तू कुठेच बसत नाहीस गं."

"आणि जागा सापडलीच नाही तर?"

सासऱ्यांनी आणखी भात वाढून घेतला.

"बरं, आई या घरात कुठून आल्या?"

"कुठून म्हणजे? तिच्या माहेरून."

"म्हणजे बाहेरूनच ना?"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "हो की," त्या सावकाश म्हणाल्या. "मला आणलं, ठेवलं, आणि विसरले सगळे. इतकी वर्षं मला वाटायचं, कधीतरी कुणीतरी म्हणेल की आता ही इथली." त्या उठल्या, हात धुतले आणि उशी घेऊन गॅलरीत गेल्या. जाताना शेगडी आणि भांडीही नेली, कारण तीही बाजारातूनच आली होती.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात चहा नव्हता. मुलगा थोडा वेळ विचार करत बसला, मग टीव्ही दुकानातून आला होता हे त्याला आठवलं. लग्नानंतर पहिल्यांदा काही उचलून तो बायकोकडे आला. त्यामागून फ्रिज आला, पलंग आले, कागदपत्रांचं कपाट आलं. गॅलरीत मुंगी शिरायला जागा उरली नाही आणि बाकीचं घर पाट्यांसकट रिकामं झालं.

दुपारी सासरे उशी काखेत मारून गॅलरीच्या दारात उभे राहिले. सफाईचं नाव त्यांनी काढलं नाही.

"मी तर याच घरातला," ते पडेल आवाजात म्हणाले. "माझं काय?"

"तुम्हालाही दवाखान्यातूनच आणलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तुमची आई सांगायची, दुपट्यात गुंडाळून."

सासऱ्यांना केवढं बरं वाटलं. "मग जागा आहे का?" त्यांनी विचारलं.

सगळे सुनेकडे बघायला लागले, कारण तिथे सगळ्यात जुनी तीच होती.

"या," सून म्हणाली. "पण पाय पुसून या. घर आहे माझं."

सासरे निमूट मागे फिरले आणि पाय पुसू लागले.