हाजी जिलालींची काठी

बुशैब सगळ्या अझमूर गावाला सांगत फिरायचा, "लाकूड मी डोळे मिटून ओळखतो. नुसतं नाकाला लावलं की कळतं, अंजीर का डाळिंब." चित्रकाराला असलं नाक कशाला, तर त्याला रेखाटायला दुकानातला कोळसा चालायचा नाही. स्वतः भाजायचा. माशांचे काटे, द्राक्षाच्या काटक्या, एकदा तर मोडकी खुर्ची. पत्र्याच्या डब्यात कोंबायचं, झाकण ओल्या मातीनं लिंपायचं आणि डबा गल्लीतल्या पावाच्या भट्टीत ठेवून यायचं.

भट्टीवाला अल्लाल म्हणायचा, "लोक कणीक पाठवतात, तू फर्निचर पाठवतोस. काल एक बाई म्हणाली, पावाला खुर्चीचा वास येतो."

बुशैबचे सासरे हाजी जिलाली वीस वर्षं जावयाला 'भिंती रंगवणारा' म्हणत आले होते. यंदा कसे कोण जाणे, स्वतःचं चित्र काढून घ्यायला तयार झाले. आवडलं तर बैठकीच्या खोलीत लागणार. नाही आवडलं तर जावई जन्मभर भिंती रंगवणारा. बुशैबनं ठरवलं, सासऱ्याचा चेहरा सासऱ्याच्याच लाकडानं काढायचा.

"दाराआड दोन काठ्या आहेत," काठी मागायला आलेल्या बुशैबला हाजी आतून म्हणाले. "संत्र्याची ने. जैतुनाची माझ्या बापाची आहे, तिला हात लावायचा नाही, जावईबुवा."

दोन्ही काठ्या हाताच्या तेलानं सारख्याच काळ्या पडलेल्या. बायको रकिया म्हणाली, "बांना विचार की. आतच तर बसलेत."

"मी विचारू? मी?"

त्यानं डोळे मिटले, दोन्ही हुंगल्या आणि त्यातली एक उचलून घरी आणली. करवतीनं कापली, भाजली.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. संत्र्याचा कोळसा कसा मऊ असतो, बोटाला लागला की भुकटी. हा खिळ्यासारखा. कॅनव्हासवर ओढला तर करकरला. बुशैबनं तुकडा परत डब्यात टाकला.

"काय झालं?" रकियानं विचारलं.

"तुझे आजोबा भाजले."

रकिया तोंडाला ओढणी लावून हसत सुटली. "आता वाया तरी घालवू नकोस. काढ."

एरवी तैलरंग लावायच्या आधी कोळसा झटकून टाकतात, नाहीतर रंग मळतो. पण सासऱ्याच्या बापाची काठी झटकायची कुठे? बुशैबनं कण न् कण सुरीनं रंगात दाबला. कपाळ हिरवं झालं, दाढी निळी, आणि भुवया अशा काळ्या की बघणारा मागे सरकेल. तीन दिवस तो शीळ घालत रंगवत होता. असं चित्र त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. भीती वाटायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी कुसकुस जेवून हाजी लेकीचा दंड धरून चित्रासमोर आले. उरलेली संत्र्याची काठी घ्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. स्टुलावर बसले.

"दाढी निळी का?"

"तुम्ही रागात आहात."

"आहेच. माझी जैतुनाची काठी कुठाय?"

बुशैबनं बोट दाखवलं. "डावी भुवई. उजवीपण. थोडी नाकाखाली."

अल्लाल भट्टी सोडून मुद्दाम आला होता, तो हळूच दाराकडे सरकला. हाजी पुढे वाकले. भुवयांकडे बघत राहिले.

"माझा बाप अस्संच बघायचा," ते म्हणाले. "मला वाटायचं, ह्या भुवया त्याच्याबरोबरच गेल्या." मग मोठ्यानं, "बैठकीत लावा. दारासमोर. येणाऱ्याला धाक पाहिजे. आणि चित्रकार कोण म्हणून विचारलं, तर माझा जावई म्हणून सांगा."

बुशैब खिळा-हातोडी शोधायला वळला. तैलरंग महिनाभर ओला राहतो, हे सांगायचं होतं, ते राहिलं.

हाजी उठले. काठी नव्हती, म्हणून समोर जे होतं त्यावर हात टेकला. डावा गाल नाकासकट तळहातावर आला, आणि तिथून, हात पुसताना, शुक्रवारच्या पांढऱ्या झग्यावर.