नंदीश जिवंत आहे

ऑनलाइन कसं वागावं हे पोरांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळेत संगणक शिकवते आणि मुख्याध्यापकांना नाही म्हणायला मला उशीर झाला. वरून एक तक्ता आला होता. दुसऱ्याचा फोटो, चित्र, गाणं विचारल्याशिवाय वापरू नये. वापरलं तर ज्याचं त्याचं नाव द्यावं. कुणाची टिंगल पुढे पाठवू नये. पोरांनी तक्ता असा घोकला की विचारू नका. दहावीतला कृष्णराज तर डोळे मिटून म्हणून दाखवायचा. त्याच कृष्णराजनं जानेवारीत आपल्या दोस्ताला, नंदीशला, मारलं.

मारलं म्हणजे फोनवर. रविवारी शेजारच्या गावाशी मॅच होती. नंदीश शेवटच्या चेंडूवर रनआऊट झाला आणि मॅच गेली. संध्याकाळी पोरांच्या ग्रुपवर बॅनर आला. मधोमध नंदीशचा हसरा चेहरा, त्याला झेंडूचा हार, दोन्हीकडे समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली बारीक अक्षरात 'रनआऊट होऊन अकाली निधन'. आमच्या भागात ही थट्टा नवी नाही. कुणी नापास झालं, कुणाचं लग्न ठरलं, की त्याचा असा बॅनर निघतो आणि ज्याचा निघतो तोही हसतो. नंदीशही हसला. पण बॅनर ग्रुपवरून स्टेटसवर गेला आणि स्टेटसवरून पाहुण्यांत.

नंदीशचं घर मूळचं कर्नाटकातलं, कानडी बोलणारं. त्याची आत्या मल्लम्मा तिकडेच आळंदला दिलेली. तिला मराठी थोडंफार समजतं, वाचता मात्र फक्त कानडी येतं. सोमवारी सकाळी सुनेच्या फोनवर तिला भाच्याचा चेहरा दिसला, हार दिसला, समया दिसल्या. बारीक अक्षरांचा तिला काय उपयोग? तिनं भावाला, शिवलिंगअप्पांना, फोन लावला. ते नवराबायको हरभऱ्याच्या रानात आणि फोन घरी चार्जिंगला. मल्लम्मानं जीप केली.

गावात उतरली ती "नन्न मगने!" म्हणून ऊर बडवतच. माझ्या लेकरा, एवढंच त्यातलं आम्हाला कळलं. तिला बघून गल्लीतल्या बायकांनीही गळा काढला. कोण गेलं हे त्यांनी नंतर विचारलं. तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीत नंदीश सायकलवरून घरी आला आणि म्हणाला, "काय झालं? कोण गेलं?" मल्लम्मानं आधी त्याच्या कानाखाली एक वाजवली आणि मग त्याला असं कवटाळलं की सायकल दोघांच्या अंगावर पडली.

इथपर्यंत गाव हसलं. संध्याकाळी मात्र विचारणा सुरू झाली. ग्रुपवरून बॅनर पुसला गेला होता. तो कुणी केला हे प्रत्येक पोराला ठाऊक होतं आणि प्रत्येकाची दातखीळ बसली होती. गावानं ओळखला तो फोटो. नंदीश शेळीचं करडू खांद्यावर घेऊन हसतोय, असा तो मूळ फोटो दहावीतल्याच शिवांजलीनं काढलेला. दिवाळीत तिनं आईच्या स्टेटसला ठेवला होता, कोपऱ्यात आपलं नाव टाकून. बॅनरवर ते नाव नव्हतं, कापलेलं होतं. पण फोटो तिचा म्हणजे बॅनर तिचा, असं गावानं ठरवून टाकलं आणि चौघं जण तिच्या वडिलांच्या, कोंडीरामभाऊंच्या, दारात जाऊन उभे राहिले.

आईच्या फोनवर फोटो काढायला कोंडीरामभाऊंनी लेकीला एका अटीवर परवानगी दिली होती. घरी कुणाची तक्रार यायला नको. आता तक्रार आली. त्यांनी फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि सांगितलं, दहावी झाली की बास, अकरावीला नळदुर्गला जायचं नाही.

हे शिवांजलीनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"मग सांगायचंस ना, फोटो माझा नाही म्हणून," मी म्हणाले. रागाच्या भरात शिक्षकही काहीही बोलतात.

"फोटो माझाच हाय की, मॅडम. न्हाय कसं म्हणू?"

माझी मलाच लाज वाटली. रागानं डोकं तडकलं होतं. एका पालकाच्या फोनवर उरलेला तो बॅनर मागवून घेतला आणि वर्गात जाऊन मोठ्या पडद्यावर लावला. पोरं खाली बघायला लागली.

"काम चांगलं झालंय," मी म्हणाले. "हार अगदी गळ्यात बसलाय. पण तक्ता काय म्हणतो? ज्याचं काम, त्याचं नाव. इथं नाव नाही. कुणाचं टाकू?"

मी कीबोर्ड पुढे ओढला.

"गाव म्हणतंय शिवांजलीचं. तिचंच टाकते." मी खरोखर टाईप करायला लागले. 'शिवां' एवढं उमटलं असेल, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"बॅनर माझा हाय, मॅडम."

कृष्णराज उभा होता. कान लाल झालेले. त्याला शिवांजलीची दया आली की आपल्या कामावर दुसऱ्याचं नाव बघवलं नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. थोडं दोन्ही असावं.

माफीचा मेसेज टाकतो म्हणाला. मी म्हणाले, मेसेज नको, पाय आहेत ना? शाळा सुटल्यावर तो दारोदार निघाला आणि मी मागे. प्रत्येक दारात त्यानं तेच म्हणायचं होतं: नंदीश जिवंत आहे, फोटो शिवांजलीचा, बॅनर माझा. पहिल्या दारात त्याला ते तीनदा म्हणावं लागलं. पुढच्या दारांत लोक हसले, एका म्हाताऱ्यानं काठी उगारली. बोटाच्या एका दाबानं जे गावभर झालं होतं, ते निस्तरता निस्तरता दिवस कलला.

कोंडीरामभाऊ ओट्यावर बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नाव का कापलास रं तिचं?"

"बॅनर मी केल्ता," कृष्णराज पुटपुटला. "त्यावर तिचं नाव कशाला, म्हणून."

"आन् शिव्या खायला तिचं चाललं व्हय?"

कोंडीरामभाऊ आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा फोन त्यांच्या खिशात होता आणि शिवांजली मागे. "चला, मॅडम. आमीबी येतो," ते म्हणाले.

नंदीशचं घर शेवटचं. मल्लम्मा अजून मुक्कामाला होती. कृष्णराजनं आपलं पाठ झालेलं सांगितलं आणि तिला सगळं नीट कळावं म्हणून नंदीश ते कानडीत सांगत गेला. स्वतःच्या मरणाची थट्टा स्वतःच समजावून सांगताना त्याला आधी हसू आवरेना. मल्लम्मा कानडीत बराच वेळ बोलली. तेव्हा त्याचं हसू गेलं.

"काय म्हणती?" कृष्णराजनं विचारलं.

"हार म्हणती..." नंदीश थांबला. "येताना आळंदच्या बाजारात माझ्यासाठी हार घेतला तिनं. हारवाल्यानं विचारलं, कुणाला घालायचा? तिला सांगता येईना. इथपत्तुर मांडीवर धरून बसली व्हती."

दावणीपाशी म्हशीनं अर्धवट खाल्लेला झेंडूचा हार पडला होता. कृष्णराजची नजर तिकडे गेली आणि तो हमसून हमसून रडायला लागला. मी त्याला गप्प केलं नाही. मल्लम्मानंच त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

जरा वेळानं कोंडीरामभाऊंनी खिशातून फोन काढून लेकीच्या हातात दिला. "आत्या-भाच्याचा एक काढ. नाव टाक खाली," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "अकरावीचे फॉर्म कधी सुटत्यात, मॅडम?"

शिवांजलीनं फोन लगेच उचलला नाही. आधी मल्लम्माकडे बघून खुणेनंच विचारलं, काढू का? मल्लम्मानं पदर सारखा केला, नंदीशला जवळ ओढलं आणि मान हलवली.

फोटो सुरेख आला. सगळ्यांनी वाकून बघितला. कृष्णराजनं नाक पुसलं आणि स्वतःचा फोन काढला.

"मला पाठव की," तो म्हणाला. "नंदीश जिवंत हाय म्हणून झकास बॅनर करतो. तुझं नाव मोठं टाकतो."

शिवांजलीनं फोटो एकदा बघून फोन बंद केला. "न्हाय," ती म्हणाली.

त्याचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता गयावया करणार, नाहीतर हुज्जत घालणार.

"बरं," कृष्णराज म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.